काढलेलं पोलाद

"ताई, एखादी वस्तू बाहेरून आहे तशी ठेवली आणि आतून कोरून काढली, तर ती तीच राहते का?"

मावसभावाने गेल्या सप्टेंबरात फोनवर हे विचारलं, तेव्हा मला वाटलं, तो माझ्या कामाची चौकशी करतोय. तो मोंटानात राहतो, मी हैदराबादेत. त्याची रात्र ती माझी सकाळ. आमचं बोलणं बहुधा आई-मावशीच्या गुडघ्यांवरून सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्या दिवशी मात्र तो एका रायफलीबद्दल बोलत होता.

रायफल त्याच्या सासऱ्यांची, आणि त्यांना ती त्यांच्या वडिलांकडून मिळालेली. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. बायकोला शिकारीत रस नाही, म्हणून ती याच्या हाती आली. विंचेस्टरचं १८९४ सालचं मॉडेल. रचना जॉन ब्राउनिंगची. चापाभोवतीचं लोखंडी कडं खाली ओढलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं, परत वर घेतलं की नवं आत बसतं. हीच ती लिव्हर-ॲक्शन. काउबॉयच्या सिनेमांत आपण सगळ्यांनी ही हालचाल पाहिलेली असते. खरं तर त्या दंतकथेसाठी ही रायफल उशिराच आली. पश्चिमेकडची सरहद्द आता उरली नाही, असं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेने सांगून टाकलं होतं. मैदानांतले बायसनचे कळप त्याआधीच जवळजवळ संपले होते, आणि वुंडेड नीचं हत्याकांडही त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं. त्यानंतर आलेली ही रायफल शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या घरात हरणाच्या मांसासाठी वापरली गेली. अशा ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या. म्हणजे दुर्मीळ म्हणून जपावी अशी ही वस्तू नाही. तिचं मोल एवढंच की ती याच घरातली आहे.

अडचण अशी की तिच्या नळीत आता काही उरलेलं नाही. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे चर असतात. गोळी त्यांत धरली जाते, स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि त्या फिरण्यामुळे नेमकी जाते. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून निघणारे क्षार हवेतली ओल धरून ठेवायचे. त्याच दिवशी नळी धुतली नाही तर ती आतून गंजायची. आधीच्या दोन पिढ्यांनी किती संध्याकाळी कंटाळा केला असेल, त्याचा हिशेब त्या नळीत लिहिलेला आहे.

उपाय तीन होते. पहिला, नवी नळी बसवायची आणि जुनी कपाटात ठेवायची. दुसरा, जुन्या नळीच्या आत एक पातळ नळी अस्तरासारखी बसवायची, म्हणजे कॅलिबर पूर्वीचंच राहतं. तिसरा, रीबोअर. जुने चर पार कोरून काढायचे, भोक मोठं करायचं आणि नवे चर पाडायचे. नळी बाहेरून तीच, अक्षरं तीच, हात लागून लागून उडालेला निळसर रंगही तोच. आतून मात्र '३०-३०' ची '३८-५५' झालेली. ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीच्या जागी ०.३७५ इंचाहून किंचित मोठी गोळी. भावाच्या मनात हा तिसरा उपाय होता.

ज्यांच्या घरी जुनी स्कूटर होती त्यांना 'रीबोअर' हा शब्द नवा नाही. माझ्या वडिलांच्या स्कूटरचं इंजिन दोनदा रीबोअर झालं. सिलिंडर झिजला की गॅरेजवाला तो आतून कापून मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला होता, "काका, आता पुढच्या वेळी कापायला काही उरणार नाही." झिजेवर उपाय म्हणून आणखी लोखंड काढून टाकायचं, हे मला लहानपणी चमत्कारिक वाटायचं. अजूनही वाटतं.

भावाच्या बायकोचं म्हणणं सरळ होतं. बाबांची रायफल आहे, त्यांनी ठेवली तशी भिंतीवर राहू दे. हे म्हणणं मला लगेच पटलं असतं, पण मध्ये आमचं आजोळ आलं. सिंधुदुर्गातल्या त्या घरात एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून शेत राखायला पणजोबांनी घेतलेली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि मग परत यायची. खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल. बाकी वर्षभर तिला कोणी हात लावत नसे. आपण जुन्याचा मान राखतोय असंच सगळ्यांना वाटायचं. एका वर्षी मामाने सहज घोडा ओढून पाहिला, तर तो हातातच आला. आतला भाग ओल्या भिंतीने कधीच खाल्लेला होता. भावाला हे चांगलं आठवत होतं. "आपण तिची पूजा करत होतो आणि ती मरत होती," तो म्हणाला. काही न करणं हीसुद्धा एक कृती असते, तिचंही उत्तर द्यावं लागतं, एवढं तरी त्या बंदुकीने आम्हां दोघांना शिकवलेलं आहे.

मग ती तीच राहते का? 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. शेवटी 'रथ' हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव ठरतं. कायद्याला इतकं थांबायला वेळ नसतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने बंदूक म्हणजे तिचा रिसीव्हर, म्हणजे जिच्यात यंत्रणा बसते ती मधली पेटी, असं ठरवून टाकलं. नळी बदला, दस्ता बदला, कायद्याच्या लेखी बंदूक तीच. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यांच्या जोडीला रूपांतर करणंही परवान्याखाली आणलं. रूपांतर! माझ्या धंद्यातला शब्द असा पोलिसी कागदात भेटला की दचकायला होतं.

खरं तर भावाने मला विचारलं ते याच धंद्यामुळे. "तू एका भाषेतलं दुसरीत आणतेस, तुला कळेल," असं त्याचं म्हणणं. मीही त्या मोहात पडले. नवी नळी म्हणजे देवलांचं 'झुंझारराव': १८९० मध्ये ऑथेल्लोला मराठी नाव, मराठी घर, मराठी राग मिळाला, आणि तरी आतली यंत्रणा शेक्सपिअरचीच चालत राहिली. अस्तर म्हणजे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर. आणि रीबोअर म्हणजे काय, याचं उदाहरण मला माझ्याच कामात सापडलं.

काही वर्षांपूर्वी मी एका गुजराती कथेचं मराठी केलं. कथेच्या शेवटी आई मुलाला ताट वाढते आणि काही बोलत नाही. मूळात एवढंच आहे. मराठी वाचकाला ते पोचणार नाही अशी मला धास्ती वाटली. मी आईच्या डोळ्यांत पाणी घातलं, तिच्या गप्प राहण्याला 'अपार' असं विशेषण लावलं. लोकांना भाषांतर आवडलं. मूळ लेखिकेने मात्र मराठी वाचून घेऊन मला एकच वाक्य कळवलं: माझी बाई रडत नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी ते पाणी काढून टाकलं. मोठा परिणाम साधावा म्हणून मी भोक मोठं केलं होतं. जे काम नेम धरून व्हायला हवं होतं, ते वजनाने उरकलं होतं.

पण इथेच माझी उपमा मोडली, आणि ती मोडली हे बरं झालं. मी गुजराती कथेचं काहीही केलं तरी मूळ कथा गुजरातीत धडधाकट राहते. माझी चूक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त होते, आणि मी नाही केली तर उद्या दुसरा कोणी नवं भाषांतर करतो. भाषांतरकाराला हे केवढं अभय आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. निष्ठा, द्रोह असे जड शब्द आम्ही वापरतो, पण आमच्या हातून मूळ संहितेचं एक अक्षरही झिजत नाही. कारागिराने नळीतून काढलेला पोलादाचा कीस मात्र परत जागेवर बसत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, नवी नळी घाल, जुनी जपून ठेव. ज्याला परत फिरता येतं असा रस्ता निवड. जुन्या वास्तू आणि चित्रं दुरुस्त करणारी माणसं हेच पाळतात. आपण केलेलं पुढच्याला काढता यावं. आपल्याला जे कळलंय त्यापेक्षा पुढच्याला जास्त कळेल, ही त्यातली नम्रता मला मोलाची वाटते.

तो लगेच काही बोलला नाही. मग त्याने मला रीबोअरमधली एक गंमत सांगितली. हे मॉडेल १८९४ मध्ये बाजारात आलं ते ३२-४० आणि ३८-५५ या काडतुसांसाठी. ३०-३० पुढच्या वर्षी आलं, कारण त्यातल्या धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी निकेल मिसळलेल्या मजबूत पोलादाची नळी लागत होती. इतकंच नाही, ३०-३० चं काडतूस बनलं तेच ३८-५५ ची मान आवळून. दोघांचा बुडखा एकच. म्हणूनच रीबोअर केल्यावर रायफलीचा दुसरा एकही भाग बदलावा लागत नाही. "म्हणजे ताई, मी तिला तिच्या आईकडे परत नेतोय," तो म्हणाला.

वाक्य छान होतं, आणि छान वाक्यांबद्दल मला धंद्यानेच संशय शिकवलेला आहे. मी विचारलं, "पण तुला मोठी गोळी हवीच कशाला?"

तेव्हा त्याने हरणाचं सांगितलं. मोंटानात ऑक्टोबरच्या अखेरीपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत सुमारे पाच आठवडे रायफलीने शिकारीचा हंगाम असतो. परवान्यावर मारलेल्या हरणाचं मांस घरचा फ्रीझर भरतं. आदल्या वर्षी, सासऱ्यांनंतरच्या पहिल्या हंगामात, तो ही रायफल घेऊन एकटा गेला. दिवस मावळताना एक म्यूल डियर दिसलं. त्याने गोळी झाडली. हरीण बसलं, उठलं आणि उताराकडे गेलं. बर्फावर रक्त होतं. तो दोन तास बॅटरीच्या उजेडात माग काढत राहिला, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेला. रात्री नवा बर्फ पडला होता. हरीण मिळालं नाही. "मोठी गोळी असती तर ते जागच्या जागी पडलं असतं," तो म्हणाला. घरात त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं.

मी शिकारीच्या बाजूची नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर हा प्रश्न बहुतेकांच्या आयुष्यातून गेला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मी मटण खाते. ते बकरं कोणी, कसं, किती वेळात मारलं हे मी कधी विचारलेलं नाही. बर्फात दोन तास रक्ताचा माग काढणाऱ्या माणसाला उपदेश करण्याची माझी जागा नव्हती. प्रश्न विचारण्याची तेवढी होती. मी विचारलं, "किती लांबून?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पावणेदोनशे यार्ड असेल. उजेडही कमी होता."

दुर्बीण नसलेली, साध्या माशीने नेम धरायची रायफल, खलास झालेली नळी, संधिप्रकाश, पावणेदोनशे यार्ड. यात गोळीच्या आकाराचा दोष शेवटचा लागतो. आणि आकड्यांकडे पाहिलं तर तोही लागत नाही. ३०-३० ची गोळी साधारण ११ ग्रॅमची, सेकंदाला ६७० मीटर वेगाने निघते. ३८-५५ ची साडेसोळा ग्रॅमची, पण वेग सेकंदाला ४०० मीटर. कारखान्यातून येणारी काडतुसं घेतली तर मोठ्या गोळीची ऊर्जा लहान गोळीच्या निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त भरते. ती संथ आहे, लवकर खाली झुकते. पन्नास-साठ यार्डांवर ती आपलं काम चोख करते, लांबवर मात्र तिचा भरवसा नाही. तिला जोरात ढकलावं म्हटलं तर जुनी यंत्रणा तेवढा दाब सोसत नाही. १९७८ मध्ये कंपनीने याच घराण्यातलं जास्त दाबाचं '३७५ विंचेस्टर' आणलं, तेव्हा त्यासाठी रिसीव्हर जाड करावा लागला. ते काडतूस ३८-५५ च्या जुन्या रायफलीतही आत जातं, आणि धोका तिथेच आहे. आत बसतं म्हणजे पेलतं असं नाही.

हे सगळं भावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो इंजिनिअर आहे. तरीही 'मोठी' या शब्दावर त्याचं मन अडकलं होतं, जसं माझं 'अपार' या शब्दावर अडकलं होतं. आपल्या हातून एखाद्याला वेदना झाली की साधन अपुरं होतं असं म्हणावंसं वाटतं. त्यात खोटं काही नसतं, नळी खरोखरच झिजलेली होती. पण साधन बदललं की हिशेब मिटला, असं मानून टाकण्याची सोयही त्यातच असते. मला वाटतं, कॅलिबर वाढवण्यातला खरा नैतिक प्रश्न रायफल तीच राहते का हा नाहीच. ती बदलल्यावर माणूस तोच राहणार आहे का, हा आहे. मोठ्या बोअरची ही संथ गोळी हातातल्या माणसाला एकच गोष्ट सांगते: जवळ ये. तेवढं जवळ जायला तो तयार असेल, आणि जाता आलं नाही तर घोडा उतरवून परत फिरायला तयार असेल, तर त्या कोरण्याला अर्थ आहे. लांबूनच, पण आता मोठ्या गोळीने, असं मनात असेल तर पुढचं हरीणही बर्फातच जाणार.

हे मी त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं आणि वर पुन्हा माझा सल्ला दिला: नवी नळी घाल, जुनी ठेव.

"ती माझ्यासाठी पळवाट होईल, ताई," तो म्हणाला. "जुनी नळी कपाटात आहे, कधीही परत लावता येईल, असं म्हणत मी काहीच ठरवणार नाही. शिवाय मी जे करायला जातो ते कुठे परत फिरवता येतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही पूर्ण नाही. परत फिरण्याची सोय ठेवावी हा माझा नियम वस्तूंच्या बाबतीत शहाणपणाचा आहे, पण तो मी पुस्तकांच्या जगातून आणलेला आहे, जिथे दुसरी आवृत्ती निघते. ज्याच्या हातून जीव जातो त्याने सदैव परतीचं तिकीट खिशात ठेवून फिरावं का, याबद्दल मी त्याच्याइतकी खात्रीने बोलू शकत नाही.

शेवटी तिढा सुटला तो त्याच्या सासूबाईंमुळे. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला आणि मुलगी म्हणाली, बाबांनी ती कधी बदलली नाही. सासूबाईंनी उठून रायफल आणायला लावली आणि दस्त्याचं टोक दाखवलं. लग्नानंतर पहिल्या हंगामात त्यांच्या खांद्याला ती लांब पडायची, म्हणून नवऱ्याने दस्ता करवतीने इंचभर कापला होता. त्यांच्या सासऱ्यांनी त्यावरून महिनाभर अबोला धरला होता. घरातल्या कोणाला हे ठाऊक नव्हतं. मुलगी ज्याला बाबांची मूळ रायफल समजत होती, ती आईसाठी कापलेली रायफल होती.

रीबोअर झालं. भावाने मला नळीचा फोटो पाठवला. '३० डब्ल्यू. सी. एफ.' या जुन्या अक्षरांवर कारागिराने एक आडवी रेघ मारली आहे आणि शेजारी '३८-५५' असा नवा शिक्का. जुनी अक्षरं खोडून गुळगुळीत करा असं कोणी सांगितलं असतं तरी त्याने ते केलं नसतं, असं भाऊ म्हणाला. आणि नवा शिक्का न मारता तर त्याने ती परत दिलीच नसती, कारण जुन्या शिक्क्यावर विसंबून उद्या कोणी ३०-३० घातलं तर ते या नळीत जातं, आणि ते जायला नको. जे होतं ते वाचता यायला हवं, आणि आता जे आहे तेही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मूळ लेखकाच्या खाली माझं नाव येतं त्याचंही कारण हेच असावं. आजवर मी त्याला श्रेय समजत होते. ती जबाबदारीची खूण आहे.

त्या हंगामात तो चार वेळा गेला. शंभर यार्डांच्या आतच, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं. दोनदा हरणं दिसली, दोन्ही वेळा उतारापलीकडे, लांब. तो बसून राहिला, अंधार पडल्यावर घोडा उतरवून परत आला. फ्रीझरमध्ये या वर्षी शेजाऱ्याने दिलेलं थोडं मांस आहे. बायको विचारते, मग एवढं कोरून उपयोग काय झाला? तो सांगतो, नळी आता नेमकी जाते.

ती तीच राहते का, या त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. त्यानेही परत विचारलं नाही.